कुंपणापलीकडची निळी फुलं

गोसनेस,
१४ जानेवारी

प्रिय होकान,

अनेक आशीर्वाद. तुझं नाताळचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. टपालवाला आता एक दिवसाआड येतो, आणि रस्त्यावरचं बर्फ सारलेलं नसलं तर तेवढाही येत नाही. मी बरी आहे. डावा गुडघा कुरकुरतो, पण मी त्याच्याकडे लक्ष देत नाही. काल क्नूतचा दिवस, नाताळ संपायचा, म्हणून नाताळचं झाड ओढत बाहेर नेलं, बर्फात रोवलं आणि त्याला पाखरांसाठी चरबीचे गोळे टांगले. हे काम माझ्या एव्हर्टचं. त्याला जाऊन चार वर्षं झाली, तरी झाड ओढताना अजून मी मागे वळून म्हणते, "अरे, बुंधा धर की."

नगरपालिकेने तुला बागेचा तुकडा दिला हे वाचून आनंद झाला. आणि हसूही आलं. बटाट्याखेरीज जन्मात काही न लावलेला माणूस म्हणतो, ऑगस्टात बायकोला, मारितला, साठ पुरी होतील तेव्हा मला स्वतः वाढवलेली फुलं तिला द्यायची आहेत! दुकानातून आणलेली ती घेणार नाही, हे तू बरोबर ओळखलंस. पण मग आतापासूनच लाग कामाला. एप्रिलात खिडकीत रोपं करत बसू नकोस, तुझ्या त्या खोलीत ऊन येतच नाही म्हणतोस. मी करते तसं कर. बर्फातच पेर.

आइस्क्रीमचे रिकामे डबे जमव. पारदर्शक झाकणाचे मिळाले तर उत्तम. तळाला आणि झाकणाला खिळा तापवून भोकं पाड. चार बोटं माती भर, पाणी घालून चांगली भिजव आणि बी पेर. पॉपीचं बी नुसतं वर भुरभुरायचं, मातीखाली गाडलंस तर रुसतं. स्वीट पीचं आदल्या दिवशी भिजत घाल. मग झाकण लावून डबे बाहेर नेऊन ठेव, उत्तरेच्या भिंतीला, आणि वर बर्फ लोट. झालं. त्यानंतर त्यांच्याकडे बघायचंही नाही. बी गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं, आणि आपली वेळ झाली की आपणच वर येतं. तू उगाच झाकण उघडून "आलं का, आलं का" करशील, मला ठाऊक आहे. लहानपणी कोंबडीखालची अंडी तू अशीच उचलून कानाला लावायचास.

नावं पेन्सिलीने लिही. शाई उन्हाने उडते.

सोबत पाकिटं आहेत: कॉर्नफ्लॉवर, पॉपी, स्वीट पी, डॉगफ्लॉवर, कॉसमॉस, कॅलेंडुला. ऑगस्टाच्या शेवटी यातलं निम्मं तरी हाताशी असेल.

तू लिहिलंयस, "ती उंच निळी, टोपीसारखी, तुझ्या कुंपणाकडेला होती ती, मारितला फुलदाणीत आवडायची, त्यांचंही बी धाड." त्यांचं बी नाही रे उरलं. उंदरांनी खाल्लं. आणि ती तशीही पहिल्या वर्षी फुलत नाहीत.

मारित बरी आहे. संध्याकाळी तुमच्या घरून कुंपण ओलांडून कॉफीला येते. ती तुझ्याबद्दल विचारते का, असं तू विचारलंयस. विचारत नाही. पण तुझं पत्र टेबलावर असलं की कॉफी सांडून ते ओलं होऊ नये म्हणून बाजूला सरकवते. एवढं मी पाहिलंय.

आणि हे बघ, "माझ्या हातून जे झालं ते फुलांनी भरून निघणार नाही" असलं काहीबाही लिहीत जाऊ नकोस. स्वालाचा विषय आपण काढायचा नाही असं ठरलंय ना. घोडी म्हातारी झाली होती. पुरे.

मोजे पायात घाल, नुसते खुर्चीवर वाळत टाकू नकोस.

तुझी बहीण,
सोल्वेग


गोसनेस,
३ मे

प्रिय होकान,

अनेक आशीर्वाद. एकवीसपैकी सतरा डबे उगवले! मी मारितला सांगितलं नाही (तू सांगू नकोस म्हणालास म्हणून), पण एकटीच स्वयंपाकघरात टाळी वाजवली. तुझ्या शेजारच्या वाफ्यावरचा तो फिनिश म्हातारा काय म्हणाला ते वाचून पोट धरून हसले. "स्वीडिश माणूस बर्फात डबे पेरतो, उन्हाळ्यात त्याला डबेच उगवतात." आता त्याला नेऊन दाखव, आणि चार रोपंही दे, तोंड बंद होईल.

तू म्हणतोस, दोन डबे कशाचे ते कळत नाही, नावं उडाली. पेन्सिलीने लिही म्हटलं होतं मी. असो. रोपं दोन बोटं उंच झाली की झाकणं दिवसा काढायची, रात्री लावायची, अशी आठवडाभर सवय कर. मग डब्यातल्या मातीचे सुरीने वड्यांसारखे तुकडे पाड आणि तुकडाच्या तुकडा वाफ्यात लाव. एकेक रोप सुटं करत बसू नकोस, मुळं दुखावतात. डॉगफ्लॉवर वीतभर झालं की शेंडा खुडून टाक. जीव होणार नाही तुझा, पण खुड. शेंडा खुडल्याशिवाय ते फांद्या टाकत नाही आणि तुला फुलदाणीपुरते दांडे मिळणार नाहीत.

इथली बातमी. मारित शिंगरू आणतेय. यार्व्सोच्या पलीकडे एकजण आहे, त्याच्याकडचं, आपल्या उत्तरेकडच्याच जातीचं, तपकिरी. जुलैच्या अखेरीला येईल. स्वालानंतर गोठ्यात पहिलंच जनावर. तिने कुरणाचं कुंपण दुरुस्त करायला घेतलंय, रोज एक-दोन खांब. मी खिडकीतून बघते. परवा ती दोरी धरून उभी होती आणि दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. मी गेले. ती म्हणाली, "होकानने हे सगळे खांब एका दिवसात ठोकले असते. वाकडे, पण एका दिवसात." आणि हसली. दोन वर्षांत तुझ्या नावाला जोडून ती पहिल्यांदा हसली. मला वाटलं, हे तुला लगेच कळवावं.

आणखी एक. कुंपणाच्या पलीकडे, तुमच्या बाजूला, काही पानं वर आलीयत. बर्फ गेल्या गेल्या, गवताच्याही आधी. मी दोन झाडं उपटून टाकली.

होकान, तुला काही सांगायचं आहे. हे वाक्य या कागदावर तिसऱ्यांदा लिहितेय, आधीचे दोन कागद चुलीत गेले. पण आत्ता नको. दूधवाल्याच्या गाडीबरोबर पत्र गेलं तर उद्या निघेल, आणि ती गाडी वळणावर दिसतेय.

वाफ्यावर गोगलगायी असतील. सकाळी वेचून टाक.

घाईत,
सोल्वेग


गोसनेस,
२१ जुलै

होकान,

आशीर्वाद लिहीत नाही. ते देण्याजोगी मी राहिले की नाही, हे पत्र वाचून झाल्यावर तूच ठरव. वाचताना उभा असशील तर खाली बस.

स्वाला तुझ्यामुळे गेली नाही. माझ्यामुळे गेली.

आता जसं घडलं तसं लिहिते, नाहीतर पुन्हा कडेकडेने जाईन.

तुला आठवत असेल, त्या ऑगस्टात पाद्रीबाईंच्या मुलीचं लग्न होतं आणि फुलं माझी होती. शुक्रवारी दुपारी मी शेवटचे गुच्छ बांधले. निळी फुलं, तू बी मागितलंस तीच, बहुतेक फुलून गेली होती, दांड्यांना शेंगा धरल्या होत्या. गुच्छापुरती चार चांगली काढून बाकी सगळी बुडाशी कापली, कडेचं गवतही कापलं आणि ढकलगाडीत भरलं. खताचा ढीग शेडच्या मागे. गुडघा ठणकत होता, आभाळ भरून आलं होतं, गुच्छ घेऊन जायला गाडी येणार होती. कुंपण दहा पावलांवर. मी गाडी कुंपणाशी नेली आणि पलीकडे रिकामी केली. उद्या उचलू म्हटलं.

ती बचनागाची फुलं होती, होकान. फुलदाणीतल्या फुलाला कोणी त्या नावाने हाक मारत नाही, पण तो बचनागच, मुळापासून बीपर्यंत विष. मी ती हातमोजे घालून कापली होती. म्हणजे मला माहीत होतं. मारितने पहिल्याच वर्षी मला बजावलं होतं, "लाव बाई हवी तर, पण त्याचं पानसुद्धा माझ्या कुरणात येता कामा नये." मी म्हटलं होतं, "मी काय वेडी आहे का?"

हिरवी असती तर स्वालाने कदाचित तोंड लावलं नसतं. पण पावसाने भिजून, मलूल होऊन ती दोन-तीन तासांत गवतात मिसळली. आणि कुंपणाच्या त्याच जागी मी तिला रोज पावाचे तुकडे द्यायचे. तिथे माझ्या हातून जे येतं ते खायचं, एवढंच तिला ठाऊक.

त्याच संध्याकाळचं तुला मी काय सांगू? तू तिथे होतास. तिचं डोकं मांडीवर घेऊन मारित बसली होती. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा सगळं संपलं होतं. त्यांनी विचारलं, वेगळं काही खाल्लंय का हिने? तू लगेच म्हणालास, काल ओढ्याकाठचं गवत कापून भाराभर घातलं होतं. त्या म्हणाल्या, पाण्याकाठी विषारी झाडं असतात, त्यातलं एखादं आलं असेल, नक्की कोणतं ते आता सांगता येणार नाही. मारितने तुझ्याकडे पाहिलं. आणि तू माझ्याकडे वळलास. "सोल्वेग, तू पाहिलंस ना मी कुठे कापत होतो? त्या काठाला तसलं काही नव्हतं ना?"

मी म्हटलं, "ओढ्याकाठीच कापत होतास."

हे खरं होतं. शब्दन् शब्द खरा. मी तुला त्या खऱ्या वाक्याने बुडवलं.

त्या क्षणी मी घाबरले, असं मी स्वतःला सांगत आले. घाबरले होतेच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दोघं आत होतात, तेव्हा मी दाताळं घेऊन पलीकडे गेले आणि उरलेलं एकूण एक ओढून आणलं. घाबरलेलं माणूस इतकं नीटनेटकं काम करत नाही. नंतर माझ्या बागेतले कंदही खणून काढले आणि मारितला सांगितलं, उंदरांनी मुळं कुरतडली. तुलाही जानेवारीत तेच, की बी उंदरांनी खाल्लं. उंदीर त्याला शिवत नाहीत. त्यांना अक्कल असते.

तू वसंतात घर सोडलंस तेव्हा मी स्टँडवर तुला पोचवायला आले होते. तू म्हणालास, "मी तिला दिसलो की तिला स्वाला दिसते. मी नसलेलाच बरा." मी तुझ्या हातात सँडविचचा डबा दिला. माझ्याकडे द्यायला तेवढंच होतं असं दाखवलं.

आता हे आज का लिहितेय ते. शेंगा धरल्या होत्या असं वर लिहिलं ना? मी ओढून आणलं ते दांडे आणि पानं. बी गवतात सांडलं. त्याला तीन हिवाळे मिळाले. मी तुला डबे भरायला शिकवलं, इथे डब्याशिवायच झालं. मे महिन्यात मी उपटलेल्या दोन झाडांचे कंद खाली तसेच राहिले होते, आणि बाजूला आणखी तीन आली. परवा सकाळी त्यातलं एक फुललं. शिंगरू पुढच्या आठवड्यात येणार.

मी फावडं घेऊन गेले. मनात हेच, की मारित दुकानात गेलीय तोवर उरकावं. ती परत आली हे मला कळलंच नाही.

"माझ्या बाजूला काय उकरतेयस गं?"

"तण आहे थोडं."

ती जवळ आली, वाकली. "हे तण नाही, सोल्वेग."

तिनेच कारण शोधून दिलं. "बी उडून आलं असेल तुझ्याकडचं. बरं झालं बाई दिसलं वेळेवर, नाहीतर पुन्हा..." डोळे पुसून ती म्हणाली, "होकानला तरी बिचाऱ्याला काय माहीत होतं गवतात काय आहे ते. मी फार बोलले त्याला. फार."

मी तेव्हा नुसती मान हलवली असती तरी सुटले असते, होकान. वाऱ्याने आलं, हे तिनेच म्हटलं होतं. पण ती तुझी बाजू घेत होती, माझ्याजवळ, माझ्या पायाशी ती झाडं असताना. मला तिथे उभं राहवेना.

मी म्हटलं, "वाऱ्याने नाही. मी टाकलं होतं."

"कधी?"

"त्याच दिवशी. दुपारी."

"किती?"

"ढकलगाडी भरून. निम्मं गवत होतं."

"हातमोजे घातले होतेस?"

"हो."

एवढंच विचारलं तिने. शिवी दिली नाही. माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि पाचही झाडं कंदासकट काढली, माती चाळून चाळून, तासभर. मी मदतीला वाकले तर म्हणाली, "तू नको." पोत्यात भरून तोंड बांधलं. मग विचारलं, "त्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग लिही. मी सांगणार नाही. हे माझ्या तोंडून त्याने ऐकलं तर तुला सोपं जाईल."

परवा संध्याकाळी ती कॉफीला आली नाही. कालही नाही. दोन कप मांडायची सवय आहे, मांडले, उचलले.

माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

सोल्वेग


गोसनेस,
१५ सप्टेंबर

होकान,

जुलैच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही, ते यावं असं मी धरलंही नव्हतं. पण परवा तू कुंपणाशी उभा राहून जे विचारलंस त्याचं उत्तर मी तोंडाने देऊ शकले नाही, म्हणून लिहितेय.

आधी, मला काय काय दिसलं ते सांगते. चोरून पाहिलं असं वाटायला नको.

चोवीस ऑगस्टला, मारितच्या वाढदिवशी, दुपारच्या बसमधून तू उतरलास तेव्हा मी रासबेरी काढत होते. हातात बादली, आणि बादलीत फुलं. तुझं डोकं दिसत नव्हतं, इतकी. पॉपी वाटेतच गळाल्या असणार, पण कॉसमॉस, डॉगफ्लॉवर, ते निळे कॉर्नफ्लॉवर! शेंडे खुडलेस वाटतं. तू माझ्या दारावरून गेलास. थांबला नाहीस. बरोबर केलंस.

मारित गोठ्यापाशी शिंगराला घासत होती. तू बादली खाली ठेवलीस. तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलं नाही आणि ते ऐकायचा मला हक्कही नाही. तू बोलत होतास, ती घासतच राहिली. मग ब्रश तिच्या हातातून पडला. तो तिने उचलला नाही. शिंगरू मात्र बादलीत तोंड घालायला निघालं आणि तुम्ही दोघांनी एकदमच त्याचा कासरा धरलात. मी आत निघून गेले.

रविवारी रविवारी तू येतोस हे गावाला कळलंय. परत राहायला आला नाहीस, हेही. मारित आता माझ्याशी बोलते, कामापुरतं. गेल्या आठवड्यात फाटकाशी म्हणाली, "तीन वर्षं मी त्याला गुन्हेगार ठरवलं. आता 'ये बाबा घरी' म्हणायला मला तरी कुठलं तोंड आहे?" मी म्हटलं, "ते तोंड तुझं मी बंद केलं होतं." ती म्हणाली, "तू निमित्त दिलंस. बोलले मीच." ती असं म्हणाली म्हणून माझं काही हलकं झालं नाही. उलट कळलं, मी तुम्हा दोघांनाही तुमच्या स्वतःच्याच नजरेतून उतरवलं.

चर्चमध्ये प्रार्थनेनंतरच्या कॉफीला मी उठून सगळ्यांसमोर सांगितलं. तू स्वालाला मारलंस असं ज्यांनी ज्यांनी ऐकलं होतं त्यांनी दुसरंही ऐकायला हवं. पाद्रीबाई रडायला लागल्या, म्हणे आमच्याच लग्नाची फुलं. त्यांना समजावत बसावं लागलं. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी कुंपणाकडे एक चक्कर मारायला हवी होती." बघ, एकेकजण आपापला वाटा उचलून घेतोय. माझा होता तेवढाच आहे, त्यातलं कोणी काही नेलेलं नाही.

आता तुझा प्रश्न.

या खेपेला तू एक दिवस आधी, शनिवारीच आलास, आणि कुंपणाशी उभा राहिलास. हात खिशात. मला वाटलं, ओरडशील. ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू म्हणालास, "घाबरलीस, ते मला कळतं. पण तीन वर्षं, सोल्वेग? दर महिन्याला पत्रं लिहीत होतीस मला. मोजे घाल म्हणून लिहीत होतीस. का?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

मला माहीत आहे. जुलैच्या पत्रातही मी ते लिहिलं नाही. गुडघा लिहिला, पाऊस लिहिला, भीती लिहिली. हे लिहिलं नाही.

एव्हर्ट गेला आणि वर्षभर या घरात माझ्याखेरीज कोणाचा आवाज नव्हता. रेडिओ लावायचे तर त्यातली माणसं माझ्याशी बोलत नाहीत याचाच राग यायचा. तुमच्याकडे दिवा दिसायचा. तुम्ही दोघं होतात, तुम्हाला माझी गरज नव्हती, आणि त्यात तुमची काही चूकही नव्हती. मग स्वाला गेली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मारित माझ्या दाराशी आली, "मला घरात बसवत नाही, त्याच्यासमोर बसवत नाही." मी कॉफी ठेवली. वेलदोड्याचे पाव केले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. मग रोजच. तू गेल्यावर तर जेवायलाही. हिवाळ्यात आम्ही दोघी मिळून डबे भरायचो, ती माती, मी बी. ती हसायची कधी कधी.

मी बोलले असते तर ती तुझ्याकडे परत गेली असती. मला ते दर संध्याकाळी ठाऊक होतं. कप मांडताना ठाऊक होतं. मी तुला पत्रात विचारायचे, जेवतोस का, आणि तुझी बायको माझ्या टेबलाशी जेवत असायची. मला बरं वाटायचं, होकान. वाईटही वाटायचं, पण आधी बरं वाटायचं.

हे तुला लिहिलं नसतं तरी चाललं असतं. तू "घाबरली होती" एवढ्यावरच थांबला असतास, आणि पुढे कधीतरी माझ्याकडेही कॉफीला आला असतास. म्हणूनच लिहिलं. ज्या बहिणीला माफ करायचं की नाही हे तू ठरवशील, ती खरी कोण आहे हे तुला माहीत असायला हवं.

परसातल्या कुंपणाकडच्या टोकाला फुलं लावणं मी सोडतेय. सगळी फुलं काढून तिथे गवत लावणार. मारित म्हणाली, "फुलं कशाला काढतेस, त्यांनी काय केलंय?" 

मारितला उरलेली सगळी कुंपणं या महिन्यात उरकायची आहेत, जमीन गोठण्याआधी. तिला दोरीचं दुसरं टोक धरणारं माणूस हवंय. ती तुला सांगणार नाही. मी सांगतेय, कारण या वेळी तरी तुझी वस्तू मी माझ्याजवळ ठेवून घेणार नाही. रविवारची वाट बघू नकोस. शुक्रवारीच ये, आणि राहायच्या कपड्यांनिशी ये. माझ्या खिडकीचे पडदे मी ओढलेले असतील.

तिथे कॉफी तयार असेल. माझ्याकडे नाही, तुझ्या घरी.

सोल्वेग